सेक्रेटरीच्या घरी पाहुणी आली

मंजिरीचा फोन आला तेव्हा मी मुगाचं कढण डब्यात ओतत होते. "आई, डबा नको आणूस...", एवढंच म्हणाली ती. डबा नको म्हणजे काय, ते मला कळलं. तरी मी झाकण घट्ट लावलं, डबा पिशवीत ठेवला, ऑटोत बसले आणि लोहाऱ्याहून यवतमाळच्या दवाखान्यापर्यंत तो मांडीवर धरून गेले. डबा गरम आहे तोवर हे आहेत, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. मांडी भाजली होती, ते दुसऱ्या दिवशी अंघोळीला बसले तेव्हा समजलं.

त्या आठवड्यात पेपरांच्या स्थानिक पानांवर त्यांच्याबद्दल चार ओळी छापून आल्या. कापूस बाजारातले निर्भीड सेक्रेटरी दिनकरराव यांचं निधन, वगैरे. निर्भीड हा शब्द वाचून मला आधी हसू आलं आणि मग रडू. यांच्याइतका भित्रा माणूस मी पाहिलेला नाही. विंचवाला भीत, पोलिसाला भीत, रजिस्टर पोस्टानं आलेल्या पाकिटाला भीत. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा त्यांच्या हातातली माळ थरथरत होती आणि माझ्या मैत्रिणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. अर्थात मी काही फार शूर नव्हे. दोन भित्री माणसं एका छपराखाली आली की संसार कसा होतो हे कोणाला सांगून पटणार नाही. आमचा मात्र बरा झाला.

राळेगावच्या बाजूचं एक बाजारगाव, त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसं अजून हयात आहेत. तिथल्या कापूस व्यापाऱ्यांच्या मंडळाचे हे सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे मंडळाचं तोंड. शेठ लोक आपसांत कितीही भांडोत, बाहेर बोलायची वेळ आली की यांना पुढं करत. कलेक्टरला अर्ज मराठीत, मुंबईच्या गिरणीला पत्र इंग्रजीत, ट्रकवाल्यांशी बोलणं हिंदीत, आणि बैलबंडी घेऊन आलेल्या माणसाला समजावणं वऱ्हाडीत, ही सगळी कामं यांची. सकाळी हर्रास, म्हणजे कापसाचा लिलाव, सुरू होण्याआधी माइकवरून आवाज यायचा तोही यांचाच. कापूस ना यांनी पिकवलेला ना यांनी विकत घेतलेला, पण भाव पडला की शिव्या खायला हे. घरी आले की म्हणायचे, "सुमन, आज दोन्हीकडून झाली." मी पाण्याचा तांब्या पुढं करायची.

आमचं क्वार्टर यार्डाच्या आतच होतं, हर्रासाच्या शेडमागं. दसऱ्यापासून होळीपर्यंत खिडकी उघडली की समोर कापूस. गंज्यांवर गंज्या, पांढऱ्या, घराहून उंच. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला ते सुंदर वाटलं होतं, आठवडाभर. मग कळलं की या सगळ्याच्या मधोमध पेटणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे माझा स्टोव्ह. तेव्हापासून पोळी भाजताना माझा एक डोळा तव्यावर आणि एक खिडकीवर. शेजारी पाण्याची बादली, बादलीत ओलं पोतं. देवापुढं निरांजन लावायचं ते मी समोर बसून, विझेपर्यंत न उठता. दिवाळीत आमच्या दारात पणती लागली नाही कधी, मंजिरी लहानपणी त्यासाठी रडायची. गेटावर देवराव हमाल येणाऱ्या प्रत्येकाचा खिसा चाचपून विड्या, माचिस काढून घ्यायचा. शेठजींच्याही घ्यायचा.

आणि तो शब्द. यार्डात तो शब्द उच्चारायचा नाही, असा रिवाज होता. कधीपासून ते कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणाल तर येईल, अशी सगळ्यांची पक्की समजूत. त्यामुळं आगपेटी नाही, माचिस. आगगाडी नाही, रेल्वे. पोरगी कितीही तोंड करू दे, तिला आगाऊ म्हणायची चोरी. आणि खरोखरच कुठं धूर दिसला तर ओरडायचं, "पाहुणी आली!" मग हमाल आणि रेजा, म्हणजे कापूस वाहणाऱ्या बाया, हातातलं टाकून वाळूच्या बादल्यांकडं धावत. मी पहिल्या हिवाळ्यात ते एकदा पाहिलं. एक गंजी आतून धुमसत होती, ज्वाळ दिसत नव्हती, नुसता वास. कोणी किंचाळलं नाही. सगळे एकाच दिशेनं मुकाट धावत होते. त्या दिवशी यांनी मला बजावलं, "आपल्याकडं कोणी बाई आली तर मावशी आली म्हण, वहिनी आली म्हण. पाहुणी म्हणू नकोस." मी पुढं माहेरच्या पत्रातसुद्धा तो शब्द कधी लिहिला नाही.

नंतर ती वर्षं आली. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज छापून येऊ लागलं, कशासाठी ते वाचकांना सांगायला नको. सरकारी खरेदी आज सुरू, उद्या बंद. बाजारात येणाऱ्या माणसांचे चेहरे बदलले. पूर्वी बंडीवाले माझ्याकडं लोणच्याची फोड मागायचे, मंजिरीला बोरं द्यायचे. आता ते नुसते बघत. सेक्रेटरीची बायको म्हणून बघत. ऑफिसच्या काचा दोनदा फुटल्या. घरी फोन यायचे, पलीकडून कोणी बोलायचं नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. हे जेवताना मध्येच थांबत आणि कान देत. "काय झालं?" मी विचारायची. "काही नाही, गलका जरा कमी झाला." गलका असला की यांना भीती वाटे, कमी झाला की जास्त वाटे. मी म्हणायची, सोडा ही नोकरी. म्हणायचे, "सोडून जायचं कुठं? मला दुसरं काय येतं?" त्यांचं खरंच होतं. माणसामाणसांच्या मध्ये उभं राहण्यापलीकडं त्यांना काही येत नव्हतं.

त्या हिवाळ्यात शेठ लोकांनी एकी केली. आठवडाभर कोणी बोली लावायची नाही, भाव आपोआप खाली येईल. यार्ड तर भरलेलं. बंड्या, ट्रॅक्टर, मेटाडोर, माणसं कापसावरच झोपत होती. दोन दिवस लोकांनी वाट पाहिली, मग कुजबुज सुरू झाली की माल काढा आणि दुसऱ्या बाजारात न्या. तसं झालं असतं तर शेठ लोकांची एकी तिथंच मोडली असती. म्हणून सकाळी यवतमाळहून मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, गेट बंद करा. माल बाहेर जाता कामा नये. झुंडी बाहेरून आत येऊ नयेत म्हणून गेटातलं दिंडीचं छोटं दारही बंद करा. पोलिसांना आम्ही सांगितलंय. असं सांगून शेठ मंडळी मीटिंगच्या नावाखाली यवतमाळलाच राहिली. ऑफिस गेटाला लागून होतं, वरच्या मजल्यावर, त्याचा जिना बाहेर रस्त्यावर उतरायचा. हे त्या जिन्यानं उतरले आणि कुलूप बाहेरून लावलं, म्हणजे आतल्या कोणाचा हात पोचायला नको. किल्ली खिशात टाकून परत वर जाऊन बसले. मी पाहत होते. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. कापसानं भरलेल्या यार्डाला बाहेरून कुलूप... पण सांगणारे मालक, आणि हे नोकर.

दुपारी मी शेडमध्ये शेवंता रेजाजवळ बसले होते. घरात एकटीला बसवत नव्हतं. शेवंता दणकट बाई, माझी धीराची जागा. म्हणाली, "बाई, तुमी काहून थरथर कापून राह्यल्या? मी हाओ ना." तेवढ्यात गेटाकडून ओरडा आला. एक अनोळखी बंडीवाला हात उंचावून सांगत होता, "सेक्रेटरीच्या घरी पाहुणी आली हो! सेक्रेटरीले सांगा, त्याच्या घरी पाहुणी आली!"

झालं होतं असं की यांची मोठी बहीण, ढाणकीची अक्का, न कळवता एसटीनं येऊन गेटापुढं उभी होती. एरवी ती उन्हाळ्यात यायची, यार्ड रिकामं असताना. तिला आमचा रिवाज माहीत नव्हता. गेट बंद पाहून तिनं गजाआडच्या त्या माणसाला निरोप दिला, सेक्रेटरीला सांग, त्याच्या घरी पाहुणी आली. तोही लांबच्या गावचा, साधा माणूस. त्यानं निरोप इमानानं पोचवला. पण हमालांनी ऐकलं ते वेगळंच. सेक्रेटरीच्या घरात स्टोव्ह आहे, हे सगळ्या यार्डाला माहीत. देवराव उठला, सगळे हमाल उठले, वाळूच्या बादल्या घेऊन आमच्या क्वार्टरकडं धावले. आणि मी... मी स्टोव्ह बंद केला होता की नाही, मला आठवेना. मी धावले, पण घरापर्यंत पोचलेच नाही. हमाल पळताना पाहून बंडीवाले उठले, कोणीतरी तो खरा शब्द उच्चारला, एकदाच, आणि सगळं यार्ड उलट्या दिशेनं गेटाकडं वळलं. मला मागून लोंढ्यानं उचललं. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. शेवंतानं माझं मनगट धरलं होतं, तेवढंच कळत होतं. मग छातीवर गार लोखंड आलं. गेट. बाहेर उघडणारं गेट आणि बाहेर कुलूप. मागून रेटा, समोर गज. श्वास घ्यायला जागा नव्हती. एक हात कसाबसा गजांतून बाहेर काढला, का ते ठाऊक नाही, शरीराचा तेवढाच भाग मोकळा राहावा म्हणून असेल. शेवंता माझ्या कानाशी "माय वं, माय वं" म्हणत होती आणि मग म्हणायची थांबली.

वर ऑफिसच्या खिडकीतून यांनी खाली रस्त्यावर उभी असलेली अक्का पाहिली आणि काय घोटाळा झाला ते त्यांच्या एका क्षणात लक्षात आलं. अक्काला जिन्यानं वर घेतलं. माइक लावला. म्हणाले, "घाबरू नका. काही झालेलं नाही. माझी बहीण आली आहे." कोण ऐकतो? लागली नाही म्हणायचं तर तो शब्द घ्यावा लागणार, आणि नुसता शब्द ऐकून लोक अजून रेटणार. तेव्हा त्यांनी माइक अक्काच्या हातात दिला. अक्का म्हणजे काय चीज आहे ते आमच्या घरात विचारा. तिला गर्दीचं काही नाही, दाटलेल्या लोकांचं काही नाही, तिला राग आला होता तो गेटावर उभं ठेवल्याचा. भोंग्यांतून साऱ्या यार्डावर तिचा आवाज घुमला, "काहून रे दिन्या? सक्काळपासून यष्टीत बसून आली मी. तुले बहीण जड झाली का? गेटाले कुलूप लावतं! घोटभर पानी तरी इचारलं का? अन् आंग पाह्य कसं वाळलं तुयं, बायको खाऊ घालत नाही का?"

गेटाजवळचे काही जण थबकले. मग कोणीतरी हसलं. मग हसू पसरलं, माणसं वळून भोंग्याकडं बघू लागली. मला दाटीतही ते ऐकू येत होतं आणि वाटत होतं, सुटले. पण लांब शेडपलीकडच्यांना काहीच कळलं नव्हतं, ते रेटतच होते. गजांवरचा दाब काही कमी होईना. डोळ्यांपुढं अंधारी येत होती. मग कुलपाचा आवाज झाला, आणि आम्ही सगळ्या बाया एकमेकींवर रस्त्यात पडलो. शेवंताच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. कोणी गेलं नाही. कोणी गेलं नाही हे मी त्या दिवशी किती वेळा म्हटलं असेन, याची गणती नाही.

गेट उघडलं तसा माल निघाला. संध्याकाळपर्यंत यार्ड अर्धं रिकामं झालं, शेठ लोकांची एकी मोडली. दुसऱ्या दिवशी छापून आलं की सेक्रेटरीनं मालकांचा हुकूम झुगारून गेट उघडलं. त्यामुळं त्यांना काढून टाकता येईना. मंडळानं बोलणं टाकलं, माइक काढून घेतला, क्वार्टर सोडायला लावलं. निवृत्तीपर्यंत ते एका कोपऱ्यात बसून पावत्यांवर शिक्के मारत. बाहेर मात्र सत्कार सुरू झाले. शाळेत, ग्रामपंचायतीत, कुठल्या कुठल्या मेळाव्यात. शाल अंगावर पडली की यांना मळमळायचं. घरी येऊन उलटी करायचे. "मी काही केलं नाही हो," असं प्रत्येक ठिकाणी म्हणायचे, आणि लोक म्हणायचे, बघा, किती विनयी. मीही तसंच समजत होते. चिडवायची सुद्धा, "निघाले निर्भीड सेक्रेटरीसाहेब!" एरवी थट्टा आवडणारा माणूस, पण या थट्टेला कधी हसला नाही.

निवृत्तीनंतर आम्ही लोहाऱ्याला लहानसं घर बांधलं. एमआयडीसीमुळं चोऱ्यामाऱ्या फार, शेजारी सगळे जाळ्या, कुलपं लावून बसलेले. आमच्या घराला मात्र आतून कडी लावायची नाही, असा यांचा हट्ट. दार नुसतं लोटलेलं, दिवसा आणि रात्रीही. मी जीव मुठीत धरून झोपायची. मांजर आलं तरी दचकून उठायची. भांडले, रडले, मंजिरीकडून सांगवलं. ऐकलं नाही. त्यांना चोराची भीती वाटत नव्हती असं नाही, वाटायची. माझ्याआधी तेच उठून बसायचे. पण कडी नाही. एवढा भित्रा माणूस आणि उघड्या दाराचा हट्ट, हे कोडं मला सुटलं नाही, आणि मी सोडवायचंही सोडून दिलं.

अक्का आता फार थकली आहे. तेराव्याला तिला येता आलं नाही, मागच्या आठवड्यात तिच्या पुतण्यानं गाडीनं आणून सोडली. जेवून आम्ही दोघी पुढच्या खोलीत बसलो होतो. मी ती चार ओळींची बातमी तिला वाचून दाखवली. निर्भीड म्हटल्यावर तिनं हात वर केला.

"राहू दे वं सुमन. तो काही गेट उघडाले नोता उठला. मी होती ना तिथं. लोकं हसले, मांगं सरले, त्याले वाटलं झालं आता. त्यानं फोन लावला. शेठले सांगत होता, सगळं शांत हाये साहेब, कुलूप तसंच हाये. अन् बोलता बोलता खिडकीतून खालतं पाह्यलं. गेटाच्या गजातून एक हात भायेर आलेला. हिरव्या बांगड्या, अन् मधात लाखेची एक लाल. म्हने, अक्का, हा सुमनचा हात हाये. फोन तसाच लोंबत सोडला अन् पयाला."

खोटं कशाला लिहू, आधी मला आनंद झाला. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं प्रेमाचा शब्द म्हणून काढला नव्हता, आणि माझी लाखेची बांगडी त्याला वरच्या मजल्यावरून ओळखू आली होती. मग तो आनंद मला टोचायला लागला. माझ्या हाताशेजारी दुसरे हात होते की. माझं मनगट धरून बेशुद्ध पडलेली शेवंता होती.

"अक्का," मी विचारलं, "दुसऱ्या कोणाचा हात असता तर?"

"तेच तर तो मले इचारे," अक्का म्हणाली. "दर भाऊबीजेले. ओवाळून झालं का पाटावर बसूनच इचारे, अक्का, शेवंताचा हात असता तर मी उतरलो असतो का? मी म्हनो, उतरला असता रे बाबू. पटे नाही त्याले. औंदाही इचारलं."

तिला न्यायला पुतण्या आला. पायरी उतरताना ती थांबली आणि म्हणाली, "दार लावून घेत जाय वं. एकटी रायतं आता." मी हो म्हटलं. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत उभी राहिले. बाहेर भर दुपार होती, रस्त्यावर कोणी नव्हतं, आणि मला खूप भीती वाटत होती. आत आले, दार लोटलं, कडीवर हात ठेवला... आणि काढून घेतला.